मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून तुमचं नाव आहे? मग ही कामं तुमची

काकांनी मृत्युपत्रात तुम्हाला एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) नेमलं म्हणजे त्यांची इस्टेट तुमची झाली असं नाही. ती कायद्याने तुमच्या ताब्यात येते, पण सांभाळून, देणी भागवून ज्याची त्याला देण्यासाठी. एक्झिक्युटर सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम हवा. तो वारसांपैकीच असला तरी चालतं. जबाबदारी नको असेल तर सुरुवातीलाच नकार द्या. एकदा येणी वसूल करायला, वस्तू हलवायला हात घातला की मागे फिरणं अवघड जातं.

आधी मूळ मृत्युपत्र ताब्यात घ्या. झेरॉक्सवर काम भागत नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या चारपाच प्रती काढून ठेवा, कारण प्रत्येक बँक वेगळी मागते.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, घ्यायचं का? मुंबईत ते पूर्वी सक्तीचं होतं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधलं कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये वगळल्यावर ती सक्ती गेली. तरीही भावंडांत कुरबुर असेल तर माझ्या मते प्रोबेट घ्यावंच. अर्ज जिल्हा न्यायालयात, मुंबईत उच्च न्यायालयात. सोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, जवळच्या नातेवाइकांची नावं-पत्ते, मालमत्ता आणि कर्जाची किमतींसह यादी, शक्यतो एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. महाराष्ट्रात कोर्ट फी जास्तीत जास्त ₹७५,००० आहे. नातेवाइकांना नोटीस जाते. कुणी कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका, असा अर्ज) दाखल करून हरकत घेतली तर अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षं जातात.

प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब कोर्टात द्यावा लागतो.

खरी कसोटी पैसे देण्याच्या क्रमात असते. पहिला अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा वाजवी खर्च, मग प्रोबेटचा आणि कोर्टकामाचा. त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत घरकामाला, मजुरीला असलेल्यांचा थकलेला पगार. म्हणजे भांडीवाल्या मावशींचे पैसे काकांच्या मित्राकडून घेतलेल्या हातउसन्याच्या आधी! मग बाकीची कर्जं, आणि सगळ्यात शेवटी मृत्युपत्रातलं वाटप. घाईने वाटून टाकलं आणि मागून काकांकडचं थकलेलं कर्ज मागणारा उभा राहिला, तर भुर्दंड तुमच्या खिशाला बसू शकतो. वारस घाई करत असतील तर त्यांना सांगा, मृत्यूपासून एक वर्षाच्या आत वाटप करायचं बंधन कायद्याने एक्झिक्युटरवर घातलेलं नाही.

मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्रही भरायचं असतं. इस्टेटीचे पैसे स्वतःच्या बचत खात्यात मिसळू नका.

नॉमिनी अडून बसला तर? नॉमिनी मालक नसतो. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं.

रक्कम देताना प्रत्येकाची सही घ्या. फ्लॅट सोसायटीत आणि शेतजमीन फेरफाराने नव्या नावावर चढून सातबारा हातात येईपर्यंत फाइल बंद करू नका.