वारं गेलं, पाणी अडलं

‘सीटी नॉर्मल आला, म्हणजे स्ट्रोक नाही’ आणि ‘आधीच एमआरआय काढला असता तर सगळं कळलं असतं.’ गोव्यात कुठल्याही इस्पितळाच्या बाकावर ही दोन वाक्यं ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, हे सीटी काही मिनिटांत सांगतो. गुठळीने रक्तवाहिनी तुंबली असेल तर मात्र पहिल्या काही तासांत तो पुष्कळदा स्वच्छच दिसतो. एमआरआयची एक खास प्रतिमा, डिफ्युजन (म्हणजे विसरण, पाण्याच्या रेणूंचं हिंडणं), तिथे उजवी ठरते. पण ती नेमकं काय पाहते हे कळलं नाही, तर तीही फसवते.

स्ट्रोकला आपण अंगावरून वारं गेलं असं म्हणतो. या प्रतिमेत दिसतं ते पाणी, खरं तर पाण्याचं अडणं.

खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. भरतीला मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. दार कुजलं की खारं पाणी आत शिरतं. मेंदूच्या पेशीभोवतीही खारंच पाणी असतं, आणि आत झिरपलेलं सोडियम ती एकसारखं बाहेर उपसत असते. मात्र मानशीला इंधन लागत नाही. पेशीच्या पंपाला एटीपी हे इंधन लागतं, ते ऑक्सिजन आणि ग्लुकोजवर बनतं, आणि मेंदूकडे त्याचा साठा जवळजवळ नसतोच. रक्त थांबलं की काही मिनिटांत पंप बंद पडतो. सोडियम आत येतं, त्याच्यामागून पाणी येतं, पेशी फुगते. पेशींच्या मधली जागा एरवी मेंदूच्या साधारण पाचवा हिस्सा असते, ती निम्म्यावर येते. या घडीला त्या भागातलं एकूण पाणी फारसं वाढलेलं नसतं, म्हणून घनता मोजणाऱ्या सीटीला काही कळत नाही. बदललेलं असतं ते पाण्याचं हिंडणं.

शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्यातला रेणू ५० मिलिसेकंदांत एका दिशेने सरासरी १७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो. निरोगी मेंदूत पेशींची आवरणं आडवी येतात, म्हणून तो ९ मायक्रॉनच जातो. फुगलेल्या भागात जेमतेम ७. हा दोन मायक्रॉनांचा फरक कवटीबाहेरून कसा मोजायचा?

शिगम्यातली रोमटामेळाची, म्हणजे नाचत जाणाऱ्या मिरवणुकीची, रांग डोळ्यांपुढे आणा. पहिल्या इशाऱ्याला प्रत्येकाने आपल्या जागेच्या क्रमांकाप्रमाणे वळायचं: पहिल्याने थोडं, दहाव्याने त्याच्या दसपट. दुसऱ्या इशाऱ्याला तेवढंच उलटं. जागा कोणीच सोडली नाही तर सगळ्यांची तोंडं पुन्हा एका दिशेला. मधल्या वेळात जो सरकला तो नव्या जागेच्या हिशेबाने उलटा वळतो आणि तिरका राहतो. तिरके जितके जास्त, तितका सगळ्यांचा मिळून येणारा सिग्नल क्षीण. एमआरआयमध्ये रांगेतली माणसं म्हणजे पाण्याचे रेणू आणि हे इशारे म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे दोन झटके. युक्ती स्टेयस्कल आणि टॅनर यांची, १९६५ची. मायकेल मोझली आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांजरांच्या मेंदूवर दाखवलं, की नेहमीच्या प्रतिमेत काही उमटण्याआधीच रक्त तुटलेला भाग हिच्यात उजळतो.

झटके किती जोरदार आणि किती अंतराने, याचा एकत्रित आकडा म्हणजे बी-व्हॅल्यू. स्ट्रोकसाठी तो १००० ठेवतात. झटक्यांशिवाय सिग्नल १०० धरला, तर निरोगी मेंदूत (विसरण गुणांक, म्हणजे पाणी किती सहज हिंडतं त्याचा आकडा, ०.८) झटक्यांनंतर ४५ उरतो, स्ट्रोकच्या भागात (०.५) ६१, आणि मेंदूभोवतीच्या द्रवात (३) अवघा ५. म्हणून द्रव काळा आणि स्ट्रोक पांढरा. हे गुणांक चौरस मिलिमीटर प्रति सेकंदाच्या हजारांशात आहेत.

आता फसगत. समजा, दोन वर्षांपूर्वीचा जुना स्ट्रोक आहे. तिथे पेशी मरून पाणी साचलेलं, म्हणून झटक्यांशिवायच सिग्नल २०० आणि गुणांक १.२. गणित केलं तर झटक्यांनंतर उरतात ६०. ताज्या स्ट्रोकचे ६१, जुन्याचे ६०! डोळ्यांना दोन्ही सारखेच पांढरे. म्हणून नुसता पांढरा डाग पाहून निदान करायचं नसतं. सोबत गुणांकाचा नकाशा, म्हणजे एडीसी, पाहायचाच. त्यात ताजा स्ट्रोक काळा दिसतो आणि जुना उजळ. आठ-दहा दिवसांनी मधला टप्पा येतो, तेव्हा नकाशा निरोगी असल्याचं सोंग घेतो. शिवाय झटके तीन दिशांनी देऊन सरासरी काढावी लागते. मेंदूतल्या तंतूंना आडवं पाणी कमीच वाहतं, त्यामुळे एकाच दिशेने मोजलं तर निरोगी तंतूही पांढरे दिसतील. रक्तातली साखर फार उतरली किंवा मेंदूत पू झाला तरी पांढरा-काळा जोड तसाच येऊ शकतो. म्हणून बोटाला ग्लुकोमीटर आधी, मशीन नंतर.

उलटही घडतं. पहिल्या २४ तासांत शंभरातले सातएक स्ट्रोक या प्रतिमेत दिसतच नाहीत, आणि त्यांत मेंदूच्या मागच्या भागातले, मस्तिष्कस्तंभातले (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठातले) जास्त. डाग दोन-तीन मिलिमीटरांचा आणि काप, म्हणजे प्रतिमेतला एकेक थर, ५ मिलिमीटरचा असेल तर तो आजूबाजूच्या निरोगी भागात विरघळून जातो. उपाय म्हणजे ३ मिलिमीटरचे, मध्ये फट न ठेवता घेतलेले काप, आणि कानापासून कानापर्यंत उभा छेद देणारी आणखी एक मालिका. फुकट काही मिळत नाही: काप ३ मिलिमीटरचा केला की सिग्नल तीन-पंचमांश उरतो, आणि गोंगाटाच्या तुलनेत तो पहिल्याइतका आणायचा तर पावणेतीन पट वेळ लागतो. चक्कर, तोल जाणं, दोन-दोन दिसणं अशी लक्षणं स्पष्ट असताना ‘एमआरआय नॉर्मल’ म्हणून घरी पाठवणं चूक आहे.

दुसरी अडचण हवेची. ही प्रतिमा एका कापाला सेकंदाच्या दहाव्या हिश्शात घेतात, नाहीतर रोग्याची हालचालच मोजली जाईल. पण नाकामागच्या आणि कानामागच्या पोकळ्यांत हवा असते. तिथे चुंबकीय क्षेत्र विस्कटतं आणि चित्र ओढल्यासारखं होतं. दातांना तारा असल्या तर विचारूच नका. इथे ‘आमच्याकडे ३ टेस्ला’ ही जाहिरात थोडी बाजूला ठेवावी (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या जोराचं माप): क्षेत्र दुप्पट केलं की सिग्नल वाढतो, पण ही विकृतीही दुप्पट होते. चित्र तुकड्यांत वाचणं, एकदा पुढून मागे व एकदा मागून पुढे वाचून विकृती वजा करणं, सिग्नल टिपणाऱ्या अनेक कॉइलांनी काम वाटून घेणं, हे उपाय केले नाहीत तर नीट चालवलेलं १.५ टेस्ला परवडलं.

झोपेतच स्ट्रोक आला आणि वेळ माहीत नाही, असे रोगी साधारण पाचातला एक. त्यांच्यासाठी फ्लेअर नावाची दुसरी प्रतिमा घड्याळासारखी वापरतात. डिफ्युजनमध्ये डाग आहे पण फ्लेअरमध्ये अजून नाही, तर बहुधा साडेचार तास उलटलेले नाहीत. २०१८च्या वेक-अप चाचणीत अशा रोग्यांना गुठळी विरघळवणारं औषध दिलं. ९० दिवसांनी चांगले सावरलेले औषधाच्या गटात शंभरात ५३, औषधाविना ४२. मेंदूतले रक्तस्राव मात्र औषधाच्या गटात जास्त.

बोटांना सुई टोचून रक्त काढलं की स्ट्रोक उतरतो, हा व्हॉट्सअॅपवरचा उपाय निखालस खोटा आहे आणि त्यात मिनिटं जातात. मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात, असा अंदाज आहे. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर १०८च्या गाडीत बसून घालता येतं, कौल लावायला देवळात थांबायला नको. काणकोण किंवा सत्तरीच्या टोकाहून बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायला आधीच पुष्कळ वेळ जातो. दंडावरचा ताईत तर एमआरआयच्या दारातच काढून ठेवावा लागतो, कारण आत लोखंडाची डबी किंवा पत्रा असेल तर चुंबक तो ओढतो.

घरच्यांनी सोबत आणायच्या गोष्टी तीनच: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी, पेसमेकर किंवा शरीरात धातू असल्यास त्याचं कार्ड, आणि वेळ. वेळ म्हणजे रोगी पडलेला सापडला ती नव्हे. त्याला शेवटचं धडधाकट कोणी आणि किती वाजता पाहिलं, ती.