राष्ट्रपतींची सही: मताच्या मूल्यापासून परत पाठवलेल्या विधेयकापर्यंत

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे 15 मतदारसंघ आहेत. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इथल्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य 175, म्हणजे जिल्ह्याचे मिळून 2,625. हिशेब साधा आहे. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 5 कोटी 4 लाखांच्या आसपास होती; तिला 288 आमदारांनी भागायचे आणि उत्तराला पुन्हा हजाराने. याच रीतीने उत्तर प्रदेशच्या आमदाराच्या मताचे मूल्य 208 येते. त्या जनगणनेनंतर नाशिकमध्ये सिडको वसली, 1982 मध्ये महानगरपालिका झाली, शहर कुठल्या कुठे गेले, पण मताचे मूल्य जागचे हलले नाही. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने 1971 चे आकडे कायम केले. पुढे ही मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवण्यात आली.

राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, अशी सूचना के. टी. शहा यांनी घटना समितीत मांडली होती. कारभार मंत्रिमंडळाने करायचा असेल, तर देशभरातून निवडून आलेल्या माणसाला अधिकारांविना बसवण्यात अर्थ नाही, अशी नेहरूंची भूमिका होती आणि तीच टिकली. शहा स्वतः 1952 मध्ये राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. राजेंद्रप्रसाद 26 जानेवारी 1950 पासून मे 1962 पर्यंत पदावर होते. इतका काळ दुसऱ्या कुणालाच मिळालेला नाही.

खरी चुरस झाली ती 1969 मध्ये. डॉ. झाकीर हुसेन यांचे 3 मे रोजी पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही पदे रिकामी, म्हणून सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर हंगामी राष्ट्रपती होते. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी असताना इंदिरा गांधींनी खासदार-आमदारांना अंतरात्म्याच्या आवाजानुसार मत द्यायला सांगितले. तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्या सहीच्या नोटा नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापल्या जात. पहिल्या पसंतीत त्यांना 1,12,769 मूल्याची मते पडली. कुणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 असे निवडून आले. या निवडणुकीत मतदान गुप्त असते, पक्षाचा व्हिप चालत नाही, म्हणूनच हे घडू शकले. 2007 मध्येही शिवसेनेने भाजपसोबतच्या आघाडीची रेषा ओलांडून जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांना मते दिली आणि देशाला पहिल्या महिला राष्ट्रपती मिळाल्या.

निवडणुकीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न मला सहीचा वाटतो. 25 जून 1975 च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढच्याच वर्षी 42 व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचे लिहूनच टाकले. जनता सरकारने 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने दोन कुलपे बसवली. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, आणि कोणताही सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतील. तोच सल्ला पुन्हा आला, तर मात्र मानावाच लागेल. हा एक फेरा छोटा दिसतो, पण सरकारला चारचौघांत पुन्हा विचार करायला लावणारी एवढी सभ्य सोय आपल्या घटनेत दुसरी नाही, असे माझे ठाम मत आहे.

तिचा जोर 1997 मध्ये दिसला. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि गुजराल सरकारने ती पुन्हा रेटली नाही. विधेयक परत पाठवण्याची तरतूद मूळ घटनेतच आहे, पण ते किती दिवसांत निकाली काढायचे याची मुदत तिथे नाही. टपाल तपासण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे विधेयक 1986 मध्ये झैलसिंग यांच्याकडे गेले. त्यांनी ना सही केली, ना ते परत पाठवले, आणि ते कायदा झालेच नाही. अब्दुल कलाम यांनी 2006 मध्ये उघड मार्ग घेतला. लाभाच्या पदासंबंधीचे, म्हणजे जे सरकारी पद घेतल्याने खासदारकी जाऊ शकते त्याबद्दलचे, विधेयक त्यांनी आक्षेपांसह परत पाठवले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले आणि कलामांनी सही केली. पण लाभाचे पद नेमके कशाला म्हणायचे, हे तपासायला संयुक्त संसदीय समिती नेमावी लागली.