जंतू पेशीच्या आत, औषध दाराबाहेर

विषमज्वराचे जंतू, म्हणजे साल्मोनेला, काचेच्या थाळीत वाढवून त्यावर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची टिकली ठेवली, तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल दिसू लागतो. थाळी पाहणारा म्हणेल, औषध लागू पडतंय. तरीही साल्मोनेलाच्या तपासणी अहवालात जेंटामायसिनपुढे ‘लागू’ असं लिहू नये, असा प्रयोगशाळांसाठी दंडक आहे. थाळीतले जंतू उघड्यावर असतात; रोग्याच्या शरीरातले पेशींच्या पोटात दडून बसलेले असतात. जेंटामायसिनचा रेणू विद्युतभारित आणि पाण्यात रमणारा, तर पेशीचं आवरण स्निग्ध. त्यामुळे ते बहुतांशी बाहेरच राहतं. त्याला आत पोचवण्याचा एक मार्ग म्हणजे नॅनोकण, औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण.

संशोधकांनी या दुबळेपणाचाही उपयोग करून घेतलाय. किती जंतू पेशींत शिरले हे मोजायचं असलं, की ते द्रावणात जेंटामायसिन टाकतात. बाहेरचे मरतात, आतले शाबूत राहतात. मग पेशी फोडून आतले मोजायचे. प्रयोगशाळेत ही मोठीच सोय आहे. रोग्याला तिचा काय उपयोग!

जंतू दडतात त्या पेशीही साध्यासुध्या नव्हेत. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉफ या रशियन जीवशास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला, आणि सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमलेली त्याला दिसली. परकं काही दिसलं की गिळणाऱ्या या भक्षक पेशी. गंमत म्हणजे त्याच वर्षी, २४ मार्चला, रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्यानं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. भक्षक आणि त्याच्या पोटात बिऱ्हाड थाटणारा, दोघांची ओळख एकाच साली झाली. एरवी गिळलेला जंतू एका पिशवीत अडकतो, ती पिशवी पाचकरसांच्या पिशवीला जाऊन मिळते आणि जंतू संपतो. क्षयाचा जंतू हे मीलनच रोखून धरतो. म्हणजे चोरानं मुक्काम ठोकलाय तो पोलीस चौकीतच.

आता नॅनोकणांकडे वळू. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या बाब्रहममध्ये ॲलेक बँगहॅम या शास्त्रज्ञांना दिसलं, की काही स्निग्ध पदार्थ पाण्यात आपोआप सूक्ष्म फुग्यांचं रूप घेतात. हेच लायपोसोम. त्यांच्यात औषध भरता येतं. पण हे फुगे शिरेतून दिले, की यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्यांना परके समजून गिळायला लागतात. कर्करोगाचं औषध गाठीपर्यंत न्यायचं असेल तर ही डोकेदुखीच. म्हणून त्या कणांना पेशी चुकवणारं खास आवरण चढवावं लागतं. भक्षक पेशींत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचवायचं असेल, तर मात्र हीच खादाडी हवी असते. मुलाला कडू गोळी गुळातून द्यावी, तसं औषध कणातून द्यायचं. पेशी ते स्वतःच आत घेते.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा बिहारमधला आहे. काळा आजाराचे परजीवी जीवाणू नव्हेत, पण राहतात याच भक्षक पेशींत. त्यावरचं ॲम्फोटेरिसिन हे जुनं प्रतिजैविक द्यायचं म्हणजे २९ दिवसांत १५ वेळा शिरेतून, वर थंडी-तापाचा आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका. लायपोसोममध्ये भरलेलं तेच औषध किलोमागे १० मिलिग्रॅम, एकदाच देऊन पाहिलं. २०१०मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांनंतर ९५.७ टक्के रुग्ण बरे, आणि पंधरा वेळच्या उपचारानं ९६.३ टक्के. एका सलाइनमध्ये जवळपास तेवढंच काम! २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या साथीत ज्या कुप्यांसाठी महाराष्ट्रात नातेवाइकांची धावाधाव झाली, त्या याच औषधाच्या. तिथे मुख्य उपयोग मूत्रपिंडं सांभाळण्याचा होता, एवढाच फरक.

जीवाणूंवरचं उदाहरण अलीकडचं आहे. क्षयाच्या जंतूच्या भाईबंदांमुळे होणाऱ्या, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या एका फुप्फुसरोगासाठी, श्वासातून घ्यायच्या लायपोसोमल ॲमिकासिनला (लायपोसोममध्ये भरलेलं, जेंटामायसिनच्याच घराण्यातलं औषध) अमेरिकेत २०१८मध्ये मान्यता मिळाली. कण सुमारे ३०० नॅनोमीटरचे. नेहमीच्या औषधांना याची जोड दिल्यावर २९ टक्के रुग्णांच्या थुंकीतून जंतू नाहीसे झाले. जोड न दिलेल्यांत ९ टक्के. तिपटीहून जास्त खरे, पण दहातल्या सातांना गुण आला नाही हेही खरं. शिवाय खोकला आणि आवाज बसणं आहेच.

क्षयासाठी चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत गोपाळकृष्ण खुल्लर यांच्या गटानं विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यासाठी वापरतात त्या जातीच्या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) कण केले. त्यातून औषधं दर दहाव्या दिवशी तोंडावाटे दिली. पाच मात्रांनंतर उंदरांच्या ऊतींत जंतू सापडले नाहीत. हे २००३चं काम. उंदरांतलं यश माणसांच्या गोळीत उतरायला किती वेळ लागतो, हे यावरून कळावं.

अडचण पेशीत शिरल्यावरही संपत नाही. गिळलेला कण बहुधा पाचकरसांच्या आम्ल पिशवीत जाऊन पडतो, आणि जेंटामायसिनच्या घराण्यातली औषधं आम्लात मंदावतात. क्षयाचा जंतू शेजारच्या वेगळ्याच पिशवीत असू शकतो. लिस्टेरिया नावाचा जंतू तर पिशवी फोडून पेशीद्रवात मोकळा हिंडतो. म्हणून आम्ल लागताच फुटून औषध पेशीद्रवात सोडतील अशा कणांवर आता खटपट चालू आहे. तिथेही पिशवी फुटावी, पण पेशी मरू नये, एवढाच नेमका धक्का हवा असतो.