मृत्यू व निरोप यांवरील भूमिकाखेळ

मृत्यू व निरोप यांवरील भूमिकाखेळ : काही तासांसाठी काल्पनिक भूमिका घेऊन एखाद्याच्या मृत्यूभोवतीचे प्रसंग प्रेक्षकांविना जगून पाहण्याचा आणि एरवी मनातच राहून जाणाऱ्या बोलण्याला वाट करून देण्याचा रचलेला उपक्रम. यात पाठ केलेले संवाद नसतात. पात्रे, त्यांची नाती, जागा आणि वेळ एवढेच आधी ठरते. पुढे काय होते ते सहभागी मंडळी घडवतात. तो मानसोपचार नव्हे आणि श्राद्धविधीला पर्यायही नव्हे. ही मर्यादा रचनाकाराने प्रथम स्वतःशी पक्की करावी लागते.

या प्रकाराची मुळे दोन निराळ्या परंपरांत आहेत. जेकब मोरेनो (१८८९–१९७४) यांनी १९२० च्या दशकात व्हिएन्नातील उत्स्फूर्त नाट्यप्रयोगांतून पुढे सायकोड्रामा ही, मनातले प्रसंग अभिनयातून मांडण्याची उपचारपद्धत घडवली. समोरच्या रिकाम्या खुर्चीत अनुपस्थित माणूस बसला आहे असे मानून त्याच्याशी बोलण्याचे तंत्र त्याच परंपरेतले असून फ्रिट्स पर्ल्स यांच्या गेस्टाल्ट उपचारपद्धतीमुळे ते सर्वदूर गेले. दुसरी परंपरा लार्प (लाइव्ह ॲक्शन रोल-प्ले) या, भूमिकेत शिरून प्रत्यक्ष वावरण्याच्या खेळप्रकाराची. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड येथील रचनाकारांनी त्याला गंभीर विषयांकडे वळवले आणि १९९७ मध्ये ऑस्लो येथे सुरू झालेल्या क्नुटेपुंक्ट या संमेलनातून त्यामागच्या विचाराची मांडणी होत गेली. एड्सच्या साथीवरील ‘जस्ट अ लिटल लव्हिन’ हा २०११ मध्ये प्रथम खेळला गेलेला खेळ या शाखेचा ठळक नमुना होय. त्यात दोन अंकांच्या मध्ये कोणते पात्र मरणार हे सोडतीने ठरते आणि अंत्यविधी खेळातच पार पडतो. भूमिकेतले दुःख खऱ्या माणसात आणि खऱ्या माणसाचे दुःख भूमिकेत झिरपण्याला या मंडळींत ‘ब्लीड’ म्हणतात. ते थोपवता येत नाही. किती होऊ द्यायचे एवढेच रचनेच्या हातात असते.

एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच अवस्थांचे (नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार) पाच अंक पाडण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र ती मांडणी मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांवर बेतलेली होती आणि मागे राहिलेल्यांचा शोक अशा क्रमाने चालत नाही. मृताशी असलेले नाते तुटत नसून त्याचे रूप बदलते, हा १९९६ पासून रुजलेला विचार रचनेला अधिक उपयोगी पडतो. त्यानुसार खेळाचा शेवट ‘विसरून पुढे जाणे’ हा असायला नको.

विदर्भातील गावात असा खेळ रचताना पहिली अडचण साहित्याची नसून शकुनाची येते. जिवंत माणसाने प्रेत म्हणून निजणे किंवा रिकामी तिरडी खांद्यावर घेणे येथे अभद्र मानले जाते आणि त्यासाठी कुणी तयार होईल अशी अपेक्षाही धरू नये. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात, दिवाळीनंतरच्या मंडईच्या (गावजत्रेच्या) हंगामात, रात्रभर बसलेला प्रेक्षक रंगमंचावरचे मरण डोळे पुसत पाहतो. परंतु तेथे मरणारा नट असतो आणि पाहणारा मांडवात सुरक्षित असतो. भूमिकाखेळात हे अंतर उरत नाही. म्हणून मृत व्यक्तीची भूमिका कुणालाच न देता तिच्या जागी वस्तू ठेवणे श्रेयस्कर ठरते: सपरीतली (ओसरीतली) रिकामी बाज (खाट), तिच्यावर घडी घातलेला दुपट्टा, उशाशी पानाचा डबा.

दुसरा प्रश्न विधीचा. राख सावडणे, दहावा, तेरवी यांचा क्रम, कुणी काय बोलायचे आणि कुणी कुठे बसायचे हे ठरलेले असते. बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडकडील माडिया आदिवासी समाजात मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची प्रथा आहे. यांपैकी कशाचीही नक्कल खेळात आणली, तर ती एकाला पोरखेळ वाटते आणि दुसऱ्याला परकी. शिवाय, विधीची रचना पिढ्यांनी तपासलेली असल्याने तिच्यावर कडी करण्याचा प्रयत्न फुकट जातो. विधी ज्या वेळांना हात लावत नाही, त्या वेळा मात्र मोकळ्या असतात आणि खेळाला जागा तेथेच मिळते.

तेरवीच्या आदल्या रात्रीची सपरी ही अशी एक वेळ. पाहुणे जेवून आडवे झालेले असतात, स्वयंपाकाची भांडी मांडवात येऊन पडलेली असतात आणि घरची आठ-दहा माणसे जागी असतात. प्रत्येक भूमिकेच्या चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहाव्यात: एक सर्वांना ठाऊक असलेली, दुसरी कुणालाच ठाऊक नसलेली. उदाहरणार्थ, धाकट्या भावाच्या चिठ्ठीवर पहिली गोष्ट अशी की शेताच्या हातभर धुऱ्यावरून (बांधावरून) त्याचे मोठ्या भावाशी बोलणे बंद होते. दुसरी अशी की तो सेवाग्रामच्या दवाखान्यात भेटायला निघाला होता आणि वर्ध्याच्या बसस्थानकावरून परत फिरला. सुनेकडे सासऱ्याने चोरून दिलेली कृषी केंद्राच्या उधारीची वही असते. ‘भाऊ, त्या धुऱ्याचं राहूनच गेलं’ एवढे वाक्य बाजेकडे पाहून म्हणायला खेळणाऱ्याला तासभर लागू शकतो. तो तास संयोजकाने प्रश्न विचारून भरून काढू नये. आणखी घटना, आणखी रहस्ये घालण्याचा हात आवरणे हेच येथे रचनेचे अर्धे काम असते.

आत्महत्येचा विषय वेगळा हाताळावा लागतो. पश्चिम विदर्भातील कापूसपट्ट्यात, विशेषतः यवतमाळ, अमरावती, वर्धा या जिल्ह्यांत, शेतकरी आत्महत्येची झळ लागलेली घरे गावोगाव आहेत. कृती, साधन किंवा मृत्यूपूर्वी लिहिलेली चिठ्ठी यांपैकी काहीही खेळात दाखवू नये. मृत्यूचे कारण दीर्घ आजार असे आधीच जाहीर करणे उत्तम. ज्यांच्या घरचे वर्षश्राद्ध अजून व्हायचे आहे, त्यांना जवळच्या नातलगाची भूमिका देऊ नये. त्यांनीच आग्रह धरला तर शेजाऱ्याची द्यावी. जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकाशी आधी बोलून ठेवावे आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक सर्वांना द्यावा. ‘थांबा’ म्हटले की खेळ तेथेच थांबतो, आणि कारण न सांगता उठून अंगणात जाता येते, हे दोन नियम सुरुवातीला तोंडी सांगून भागत नाही; ते एकदा प्रत्यक्ष करून घ्यावेत, कारण मोठ्यांच्या बैठकीतून उठणे उद्धट समजले जात असल्याने सुना आणि तरुण मुले एरवी जागची हलत नाहीत.

भूमिकेतून बाहेर येण्याला खेळाच्या निम्मा तरी वेळ लागतो. भूमिकेची चिठ्ठी परत करणे, स्वतःचे नाव व गाव मोठ्याने सांगणे आणि दिवे लावून बाज उभी करून ठेवणे इतके पुरते. मौतीहून आल्यावर कडुनिंबाचा पाला चावण्याची किंवा आंघोळीची प्रथा येथे वापरू नये, कारण तिने खेळाला खऱ्या सुतकाचे रूप येते. त्यापेक्षा चहा आणि तर्रीपोहे चांगले. कोणी काय बोलले याची चर्चा ‘धाकटा भाऊ म्हणाला’ अशी भूमिकेच्या नावाने करावी. मोबाइल सुरुवातीलाच एका टोपल्यात जमा करावेत. रडतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप गटावर गेला, तर त्या गावात पुढच्या खेळाला कुणी येत नाही.