खासबागेपासून स्ट्रॅटफर्डपर्यंत : स्पर्धा संपल्यावर मैदानाभोवती वस्ती कशी उभी राहते

आखाड्यातली तांबडी माती काही आठवडे नुसती पडून राहिली, की घट्ट बसते. मग फावड्याने उकरायची, ढेकळे फोडायची, चाळायची, पाणी शिंपडून ओलावा धरायचा आणि तेल, ताक, हळद घालून पुन्हा मळायची. रोज जोर होत असेल तर एवढा खटाटोप लागत नाही, कारण पैलवानांच्या पायांनीच ती मऊ राहते. मोठ्या स्पर्धेसाठी बांधलेल्या क्रीडानगरीचेही असेच आहे. उद्घाटनाला किती गर्दी होती याने काही ठरत नाही. स्पर्धेनंतरच्या साध्या मंगळवारी तिथे कोण येते, यावर सगळे अवलंबून असते.

कोल्हापूरला हे शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचे जुने क्रीडागार त्यांनी पाहिले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, भोवती चढत जाणारी गोल बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसते. महाराजांची खरी दूरदृष्टी मात्र जागेच्या निवडीत दिसते. मैदान गावाबाहेर न नेता पेठांच्या आणि तालमींच्या मधोमध बांधले. १९१५ मध्ये त्याला लागूनच पॅलेस थिएटर सुरू झाले, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती नसेल तेव्हा नाटक, नाटक नसेल तेव्हा सभा. त्यामुळे संध्याकाळी इथे माणसांचा राबता राहिला आणि त्यावर खाऊगल्ली जगली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह आगीत जळाले, त्याची झळ मैदानालाही बसली. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या वास्तूंमध्ये हा धोका असतोच. म्हणून अशा संकुलात आग अडवणारी भिंत आणि बंब आत जाईल एवढा रस्ता आराखड्यातच धरावा लागतो.

उलट उदाहरण आहे कोल्हापुरातल्याच साठमारीचे. हत्तींच्या झुंजीसाठी बांधलेले आवार. खेळ बंद पडला आणि दुसरा कोणताच उपयोग नसल्याने ते ओस पडले. एकाच कामासाठी बांधलेली जागा त्या कामाबरोबरच संपते.

ऑलिंपिकच्या इतिहासात हेच मोठ्या आकड्यांत घडले. माँट्रियलने १९७६ च्या खेळांसाठी काढलेले कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. म्युनिकने १९७२ मध्ये जुन्या विमानतळाच्या जागेवर बाग आणि खेळाडूंची वस्ती उभारली. तिथे आजही लोक राहतात. बार्सिलोनाने १९९२ च्या निमित्ताने समुद्र अडवणारे रेल्वेमार्ग हटवून शहराला किनारा मिळवून दिला. स्पर्धा हे निमित्त होते, काम शहराचे होते.

सर्वांत तपशिलात विचार झाला तो लंडनमध्ये. पूर्वेकडच्या स्ट्रॅटफर्डला कारखान्यांची प्रदूषित जमीन होती. २००५ मध्ये यजमानपद मिळाल्यावर आधी सुमारे २० लाख टन माती स्वच्छ केली, विजेचे ५२ मनोरे काढून तारा भुयारात नेल्या. मग बांधकाम. जलतरण केंद्राला दोन्ही बाजूंनी तात्पुरत्या गॅलऱ्या जोडून १७,५०० जण बसवले. खेळ संपताच त्या उतरवल्या आणि सुमारे २,५०० आसनांचा, रोज पोहायला येणाऱ्यांचा तलाव उरला. बास्केटबॉलचे सभागृह तर पूर्णच उतरवले. गर्दीसाठी रुंद केलेले पूल नंतर अरुंद केले. खेळाडूंच्या सदनिकांत मुद्दाम स्वयंपाकघर केले नव्हते, कारण खेळाडू भोजनगृहात जेवणार. ओटे नंतर बसवले आणि २,८१८ घरांची वस्ती तयार झाली. खेळांआधीच, एप्रिल २०१२ मध्ये, पुढच्या कारभारासाठी स्वतंत्र महामंडळ नेमले होते. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

चुकलेही तिथेच. ८०,००० आसनांपैकी ५५,००० काढून लहान धावपट्टी-मैदान ठेवायचे, असा स्टेडियमचा मूळ आराखडा होता. नंतर ते फुटबॉल क्लबला द्यायचे ठरले. मग छत बदला, धावपट्टीवर सरकणाऱ्या गॅलऱ्या बसवा. या फेरबदलाचा खर्च ३२ कोटी पौंडांवर गेला. गॅलऱ्या मागेपुढे करायलाही दरवर्षी वेळ आणि पैसा जातो. वापर कोणाचा, हे पायाभरणीनंतर ठरले की असे होते. शिवाय त्याच जागेवरच्या क्लेज लेन वसाहतीतल्या चारशेहून अधिक रहिवाशांना घरे सोडावी लागली. नवी वस्ती झाली, पण त्यांच्यासाठी नाही. ही किंमत हिशेबात धरलीच पाहिजे.

आपल्याकडे दिल्लीचे एशियाड व्हिलेज (१९८२) राहते झाले. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांचे खेळग्राम मात्र यमुनेच्या पूरपट्ट्यात बांधले. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा महापूर पाहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पुण्याचे बालेवाडी संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी झाले. भोवतीचे दाट नगर मात्र त्या मैदानामुळे वसलेले नाही; महामार्ग आणि हिंजवडीच्या नोकऱ्यांनी ते वसवले.

पाण्याचा प्रश्न कोल्हापूरच्या मैदानांनाही आहे. शाहू स्टेडियम जुन्या रावणेश्वर तळ्याच्या जागी आहे, गांधी मैदान वरुणतीर्थाच्या. तळे बुजवले तरी उतार बुजत नाही, पाणी तिकडेच येते. गांधी मैदान पावसाळ्यात तुंबते ते त्यामुळेच. अशा जागी आधी भोवतालच्या वस्तीचे गटार आणि पावसाळी पाणी बाहेरून वळवायचे, मग मैदानाखाली खडी, वाळू आणि छिद्रांची नळी, आणि ती नळी जिथे सुटते ते टोक मैदानाहून खाली हवे. शेवटची गोष्ट राहिली तर वरचे सगळे काम वाया.

२०३० च्या राष्ट्रकुल खेळांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे. तिथे कोणत्या गॅलऱ्या बोल्टच्या, म्हणजे नंतर उतरवायच्या, आणि कोणत्या काँक्रीटच्या, सदनिका नंतर कोणाला कोणत्या दराने, आणि २०३१ पासून वीजबिल कोणाच्या नावावर, हे आत्ताच, निविदा निघण्याआधी, लिहून ठेवायला हवे.