हमिंगबर्डच्या साखरपाण्याची सव्वाशे वर्षं

हमिंगबर्ड हे फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे फुलांतला मध पिणारा शिंजीर वेगळ्याच कुळातला. त्यामुळे हमिंगबर्डसाठी वसंतात परसात साखरपाणी टांगायची रीतही तिकडचीच.

१९०० साली मॅसॅच्युसेट्समधल्या कॅरोलाइन सूल यांनी तुतारीसारखं कागदी फूल रंगवून त्यात साखरपाण्याची बाटली बसवल्याची नोंद ‘बर्ड-लोर’ या नियतकालिकात आहे. पुढे बोस्टनच्या लॉरेन्स वेबस्टर यांनी काच फुंकणाऱ्या कारागिराकडून फीडर, म्हणजे साखरपाणी पाजायचं टांगतं भांडं, घडवून घेतला. तो १९५० मध्ये विक्रीला आला आणि हा छंद घरोघरी पोचला.

मिश्रणाची कृती मात्र उशिरा सुधारली. सुरुवातीला बरेच जण मधमाश्यांचा मध वापरत. पण पाण्यात कालवलेला मध लवकर आंबतो, त्यात बुरशी धरते. मग लाल रंगाची टूम निघाली. ‘रेड नंबर २’ या खाद्यरंगावर अमेरिकेत १९७६ मध्ये बंदी आली, तरी दुसरे लाल रंग घातलेली तयार मिश्रणं आजही विकली जातात. त्यांची काहीच गरज नाही: फुलातला मध बहुधा रंगहीनच असतो आणि पक्ष्याला बोलवायला फीडरचा लाल भाग पुरतो.

आज सर्वमान्य आहे ते साधं प्रमाण: एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. म्हणजे २४० मिली पाण्यात सुमारे ५० ग्रॅम साखर. कोमट पाण्यात विरघळवून गार करायचं. फार वेळ उकळलं तर पाणी आटून मिश्रण दाट होतं. गूळ किंवा ब्राउन शुगर नको, त्यातलं लोह या पक्ष्यांना बाधू शकतं.

उलट्या बाटलीचे फीडर गळतात ते बहुतेक उन्हामुळे. आत अडकलेली हवा तापून फुगते आणि पाणी खाली ढकलते. म्हणून बाटली काठोकाठ भरून सावलीत टांगावी. बशीच्या आकाराच्या फीडरला ही अडचण नाही, शिवाय तो घासायलाही सोपा. उकाड्यात दर दोन-तीन दिवसांनी गरम पाण्याने घासलाच पाहिजे, छिद्रांतली काळी बुरशी ब्रशने काढून. यात हयगय होणार असेल तर फीडर न टांगलेलाच बरा. मुंग्यांसाठी वर पाण्याची वाटी अडकवावी. तारेला तेल फासू नये, ते पिसांना चिकटतं.

लालकंठी हमिंगबर्ड मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर मार्चच्या सुमारास पोचतो, उत्तरेकडच्या राज्यांत एप्रिलअखेर ते मे महिन्यात. फीडर त्याआधी आठवडाभर लावलेला असावा.