सॅबॅट आणि लान्सिया सँक्टम: दोन्हीकडे बिशप आहेत म्हणून पंथ एक होत नाही

टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळात खेळाडूने लिहिलेली, लान्सिया सँक्टम या पंथातल्या व्हॅम्पायरची पूर्वकथा वाचायला घ्यावी आणि तिसऱ्याच ओळीत काइनचं नाव यावं, हे इतक्यांदा झालंय की एकदा सगळं नीट मांडायलाच हवं. कुणी या पंथाची दीक्षा म्हणून फावड्याने डोकं फोडून पुरण्याचा प्रसंग लिहितं, तर कुणी त्याच्या बिशपच्या हातात सगळ्यांच्या रक्ताने भरलेला प्याला देतं. प्रसंग रंगतो, पण तो दुसऱ्या खेळातल्या दुसऱ्याच पंथाचा असतो. त्यामुळे लान्सिया सँक्टमकडे स्वतःचं जे आहे, आणि ते फार मोलाचं आहे, ते टेबलावर येतच नाही.

सॅबॅट हा ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’मधला. व्हाइट वुल्फने हा खेळ 1991 मध्ये काढला. लान्सिया सँक्टम ‘व्हॅम्पायर: द रिक्विएम’मधला. हा खेळ त्याच कंपनीने 2004 मध्ये आणला, आणि त्याआधी मास्करेडचं जग कथेतच संपवून टाकलं. (दुसऱ्या आवृत्तीत पंथाचं नाव ‘लान्सिया एट सँक्टम’ असं येतं. पंथ तोच.) व्हेंट्रू, गँग्रेल, नॉस्फेराटू ही क्लॅनची (व्हॅम्पायर-वंशांची) नावं दोन्हीकडे दिसतात, म्हणून रिक्विएम हा मास्करेडचा पुढचा भाग वाटतो. तसं नाही. जग नवं आहे, इतिहास नवा आहे. गोंधळात भर अशी की 2004 च्याच नोव्हेंबरात ‘ब्लडलाइन्स’ हा कॉम्प्युटर गेम आला, आणि तो मास्करेडवर बेतलेला. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक जण त्या गेममधून आलेले असतात. सॅबॅट त्यांना तोंडपाठ असतो, रिक्विएमचं पुस्तक हातात पडलं की बिशप, आर्चबिशप, कार्डिनल या पदव्या दिसतात, आणि ते निश्चिंत होतात.

सॅबॅटबद्दल म्हणूनच थोडक्यात. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातला काइन हाबेलला मारतो, देव त्याला शाप देतो, आणि तो पहिला व्हॅम्पायर होतो. त्याच्यापासून दुसरी पिढी, तिच्यापासून तिसरी. तिसऱ्या पिढीतले अँटिडिलुव्हियन्स निद्रिस्त आहेत, आणि गेहेनाच्या, म्हणजे जगाच्या अंताच्या, रात्री जागे होऊन ते आपल्याच वंशजांना गिळणार. वडीलधाऱ्या व्हॅम्पायरांविरुद्धचं बंड मिटवणाऱ्या 1493 च्या थॉर्न्सच्या तहापुढे ज्या बंडखोरांनी मान तुकवली नाही, त्यांच्यातून सॅबॅट उभा राहिला. लासोम्ब्रा आणि त्झिमिशी हे त्याचे कणा असलेले दोन क्लॅन. आपण आपल्या अँटिडिलुव्हियनला संपवलं, असं दोघेही मानतात. हे तुम्हाला माहीत आहे.

आता लाँजिनस. योहानाच्या शुभवर्तमानात 19:34 ला एक शिपाई क्रूसावरच्या येशूच्या कुशीत भाला खुपसतो आणि रक्त व पाणी बाहेर येतं. तिथे त्याला नाव नाही. लाँजिनस हे नाव नंतरच्या, बायबलबाहेरच्या ग्रंथातून आलं, आणि चर्चने पुढे त्याला संत मानलं. रोममध्ये सेंट पीटर्सच्या घुमटाखाली बर्निनीने घडवलेला त्याचा मोठा पुतळा आहे, हातात भाला धरलेला. रिक्विएमने हाच माणूस उचलला आणि त्याला उलटं नशीब दिलं. भाल्यावरून ओघळलेलं रक्त त्याच्या ओठांना लागतं, आणि तो मरणाला व रक्ताच्या तहानेला कायमचा बांधला जातो. पुढे वाहिश्ताएल नावाचा देवदूत त्याच्याकडे येतो आणि या शापाचं प्रयोजन सांगतो. थीबन लीजन, म्हणजे आपल्या श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या ख्रिस्ती रोमन सैनिकांची जी जुनी आख्यायिका आहे, तिच्याशी रिक्विएम पंथाचा आरंभ जोडतो. थीबन सॉर्सरी हे त्यांच्या चमत्कारांचं नाव तिथलंच.

सगळी चूक ‘प्रयोजन’ या ठिकाणी होते. दोन्ही पंथ म्हणतात, आपण देवाच्या शापाने असे झालो. इथवर साम्य आहे, आणि लोक इथेच थांबतात. विचारायचं ते पुढचं: हा शाप आहे कशासाठी?

सॅबॅटचं उत्तर असं की शाप हा काइनचा वारसा आहे. तो आपल्याला माणसाहून वेगळं आणि वर नेतो, आणि आपण काइनच्या हातातली तलवार आहोत. तलवार कुणावर चालवायची? वरच्यांवर. अँटिडिलुव्हियन्सवर, त्यांच्या इशाऱ्यावर नाचणाऱ्या वडीलधाऱ्यांवर, आणि हे काहीच खरं नाही असं म्हणणाऱ्या कॅमरिला या शत्रू-पंथावर. सॅबॅटची सगळी धार्मिक ऊर्जा व्हॅम्पायर-जगाच्या आत खर्च होते. माणसं त्यांच्या युद्धात शिधा आहेत, कधी सैन्यभरती आहेत. एखाद्या माणसाच्या आत्म्याचं काय होतं, याच्याशी पंथाला पंथ म्हणून देणंघेणं नाही.

लान्सिया सँक्टमचं उत्तर नेमकं माणसाकडे वळतं. आपण शापित आहोत, आणि हीच देवाने दिलेली नेमणूक आहे. माणसाच्या वर पशूसारखं टपून राहणं, त्याला भय दाखवणं, पापाची किंमत त्याच्या अंगावर आणणं आणि जो टिकेल त्याला देवाकडे ढकलणं, हे काम कुणीतरी करायला हवं होतं. ते आपल्याला दिलं. स्वतःला स्वर्ग नाही हे ठाऊक असून इतरांसाठी दार उघडं ठेवणारा हा पंथ आहे. सँक्टिफाइड, म्हणजे या पंथाचा, व्हॅम्पायर देवाविरुद्ध उभा नसतो. तो देवाच्या चाकरीत असतो, आणि ती चाकरी भयानक असते. मला या दोघांत लान्सिया सँक्टमच जास्त हादरवतो, कारण सॅबॅटचा याजक क्रूर झाला तर तो आपल्या स्वभावाने जातो, पण सँक्टिफाइड याजकाला शिकार करण्याआधी प्रार्थना करावी लागते आणि ती तो मनापासून करतो.

आणखी एक फरक याच्याच पोटातला. मास्करेडच्या जगात काइनची कथा बरीचशी खरी आहे. कॅमरिला अधिकृतपणे अँटिडिलुव्हियन्स नाकारते, पण खेळाच्या कथानकात ते जागे होतात. म्हणजे सॅबॅट हा नको तितका बरोबर असलेला पंथ आहे. रिक्विएममध्ये काइन नाही, अँटिडिलुव्हियन्स नाहीत, पिढ्या मोजणं नाही. तिथे रक्ताची ताकद ब्लड पोटेन्सीने मोजतात, आणि व्हॅम्पायर कुठून आले हे लेखकांनी जाणूनबुजून उघडं ठेवलंय. पाच कव्हनंट, म्हणजे पंथ, आहेत, आणि लाँजिनसची कथा ही त्यांतल्या एकाची श्रद्धा आहे. शेजारचा सर्कल ऑफ द क्रोन ती मानत नाही, ऑर्डो ड्रॅकुल तर शापावर मात करायला निघालेला. सँक्टिफाइड पात्र खेळताना म्हणूनच ‘मला माहीत आहे’ हा सूर चालत नाही. ते श्रद्धेवर उभं असतं, आणि श्रद्धा डळमळू शकते. हे काढून टाकलंत तर उरतो फक्त काळा झगा.

इथे जाणकार खेळाडू एक आक्षेप घेतात, आणि तो बिनतोड वाटतो: सॅबॅटमधला पाथ ऑफ नाइट (पाथ म्हणजे तिथला आचारमार्ग) हेच तर सांगतो. बरोबर आहे. लासोम्ब्रांमध्ये रुजलेला तो मार्ग म्हणतो की आपण शापित झालो ते देवाच्या योजनेतच, आणि माणसांना छळणं ही आपली भूमिका आहे. पण हा एक मार्ग आहे. त्याच सॅबॅटमध्ये पाथ ऑफ काइन आहे, त्झिमिशींचा पाथ ऑफ मेटॅमॉर्फोसिस आहे, पाथ ऑफ लिलिथ आहे, आणि ते देवाच्या योजनेला विचारातही घेत नाहीत. पंथ सगळ्यांना सामावतो कारण त्याला बांधून ठेवणारी गोष्ट शिकवण नाहीच. ती रक्त आहे. शिवाय हे मार्ग पत्करताना ह्युमॅनिटी, म्हणजे पात्रात उरलेल्या माणुसकीचं खेळातलं माप, टाकून द्यावी लागते. लान्सिया सँक्टममध्ये उलट आहे: दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांत ज्या पातळीचा चमत्कार करायचा तितकी ह्युमॅनिटी अंगात शिल्लक असावी लागते. पशू होऊन देवाचं काम करता येत नाही, हे तिथे नियमातच लिहिलंय. छळणाऱ्याला माणुसकी जपावी लागते. हा ताण सॅबॅटमध्ये नाही.

आता दीक्षा. सॅबॅटच्या बाजूनेही एक गाठ सोडवावी लागते. फावड्याचा प्रकार, म्हणजे माणसांचं रक्त शोषायचं, तोंडात व्हॅम्पायरच्या रक्ताचे थेंब टाकायचे, डोक्यात फावडं घालायचं आणि सगळ्यांना एकत्र पुरायचं, ही दीक्षा नव्हे. ती युद्धातली घाईची भरती आहे. मातीतून जे नखांनी वाट काढून वर येतात ते ‘शॉव्हलहेड’, आणि बहुतेक पहिल्याच लढाईत खर्ची पडतात. जे तगतात आणि लायकी दाखवतात, त्यांच्यासाठी क्रिएशन राइट्स. तेरा ऑक्टोरिटास रीटेंपैकी हा एक विधी, आणि त्यानंतरच नवखा खरा सॅबॅट गणला जातो. एम्ब्रेस (माणसाला व्हॅम्पायर करणं) आणि दीक्षा यांत रात्रींचं, कधी वर्षांचं अंतर असू शकतं.

पुढे व्हॉल्डरी. पॅकमधला, म्हणजे सॅबॅटच्या टोळीतला, प्रत्येक जण आपलं रक्त एका भांड्यात सोडतो, याजक विधी करतो, आणि सगळे त्यातून पितात. याने जुना रक्तबंध तुटतो आणि पॅकमधल्या प्रत्येकाशी कमी-अधिक ताकदीची निष्ठेची गाठ बसते. नेहमीचा रक्तबंध एकतर्फी असतो, एक धनी आणि एक दास. व्हॉल्डरीत सगळे सगळ्यांना बांधले जातात. ज्या बंडखोरांना वडीलधाऱ्यांनी रक्ताने गुलाम केलं होतं, त्यांची सुटका या विधीनेच झाली, म्हणून सॅबॅटला तो सर्वांत पवित्र.

हा प्याला रिक्विएममध्ये नेऊ नका. व्हॉल्डरीतून बसणाऱ्या गाठीला मास्करेडमध्ये ‘व्हिंक्युलम’ म्हणतात, आणि रिक्विएममध्ये साध्या एकतर्फी रक्तबंधाचंच नाव व्हिंक्युलम आहे. नाव एक दिसलं की लोक विधीही उचलून नेतात. पण रिक्विएममध्ये दुसऱ्या व्हॅम्पायरचं रक्त पिणं हे व्यसन लावतं आणि दास्याकडे नेतं, आणि ते उलटवणारा व्हॉल्डरीसारखा विधी तिथल्या याजकाकडे नाही. मध्यरात्रीच्या मासला जमलेल्यांना बिशपने असा प्याला पाजला, तर तो मंडळी जोडत नाही, नासवतो.

फावडंही तिथे चालत नाही, आणि कारण नियमांतच आहे. रिक्विएमच्या पहिल्या आवृत्तीत एम्ब्रेस करणाऱ्याला विलपॉवरचा (इच्छाशक्तीचा) एक डॉट, म्हणजे गुण, कायमचा गमवावा लागतो, दुसऱ्या आवृत्तीत ह्युमॅनिटीचा. खड्डाभर व्हॅम्पायर तयार करायला निघालेला स्वतःच संपेल. शिवाय वंशज निर्माण न करणं हा सँक्टिफाइडांच्या दृष्टीने देवाने घातलेल्या मर्यादांपैकी एक आहे. त्यांच्याकडे सामूहिक भरती ही फक्त गैरसोय नसून पाप आहे.

मग लान्सिया सँक्टममध्ये माणूस येतो कसा? एम्ब्रेसने क्लॅन मिळतो. कव्हनंट नंतर स्वीकारायचं असतं, आणि शंभर वर्षं दुसरीकडे राहिलेला व्हॅम्पायरही इकडे येऊ शकतो. विधीचं रूप क्रीडनुसार, म्हणजे पंथाच्या उपशाखेनुसार, बदलतं: वेस्टमिन्स्टर क्रीडचं वळण अँग्लिकन, इब्लिक क्रीडचं इस्लामी, मोनॅकल क्रीड जुन्या शिकवणीला चिकटून. माझ्या टेबलावर मी एकच गोष्ट पक्की ठेवतो. उमेदवाराने लाँजिनसचा टेस्टामेंट, म्हणजे पंथाचा धर्मग्रंथ, वाचलेला असावा, आणि आपण शापित आहोत व हा शाप व्यर्थ नाही, ही दोन्ही वाक्यं त्याने साक्षीदारांसमोर उच्चारावीत. पहिलं सगळेच म्हणतात. दुसरं म्हणताना खेळाडू थांबतो, आपल्या पात्राने कुणाकुणाला मारलं ते आठवतो, आणि ते सगळं देवाच्या कामात बसवायला लागतो. आग नाही, कबर नाही, रक्ताचा घोटही नाही. तरी दीक्षेचे मी पाहिलेले सर्वांत अंगावर येणारे प्रसंग हेच.

बाकी फरक किरकोळ. सॅबॅटमध्ये पॅकचं नेतृत्व डक्टस करतो आणि धर्म याजक पाहतो, तर सँक्टिफाइडांकडे पॅकची रचना नाही. सॅबॅटचा रीजंट सगळ्यांच्या वर असतो, आणि तसा एकच सर्वोच्च माणूस लान्सिया सँक्टमला नाही. पोशाखावरून वाद घालू नका, कसाही चालेल.

डायब्लरी मात्र किरकोळ नाही. व्हॅम्पायरने व्हॅम्पायरला आत्म्यासकट पिऊन टाकणं सॅबॅटच्या युद्धात हत्यार आहे, आणि वडीलधाऱ्या शत्रूवर ते चालवणाऱ्याला मान मिळतो. मोनोमसीच्या द्वंद्वात जिंकणारा हरलेल्याचं रक्त आत्म्यासकट पिऊ शकतो. सँक्टिफाइडांच्या लेखी हेच अमॅरांथ, तीन मूळ मर्यादांपैकी एकीचा भंग. तुमच्या लान्सिया सँक्टमच्या पात्राने शत्रू बिशपला पिऊन पुढच्या सेशनला त्याच्याच आसनावर बसायचं ठरवलं असेल, तर त्या पात्राला सॅबॅटमध्ये जन्म द्या. तिथे त्याचं खरोखर स्वागत होईल.